जागा खराब नव्हती

तोंडावर मी आजही जेठांना 'भाऊ' म्हणते. मनात मात्र अरे-तुरेच. माझ्या नवऱ्याला त्यानं, सख्ख्या मोठ्या भावानं, चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि वर गावभर सांगत सुटला, "ती जागाच खराब शे. गाडी कोनीतरी वढी लिधी."

कोणी ओढली? मी मागच्याच सीटवर होते की! सोनगीरचा साखरपुडा आटोपून आम्ही धरणगावला परत येत होतो. गाडी जेठ चालवत होता, नवरा त्याच्या शेजारी. समोरून ट्रक आला. ह्यानं वेग कमी केलाच नाही, नुसती बाजू दिली. डावी चाकं डांबरावरून साइडपट्टीवर उतरली, चांगली वीतभर खाली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी सरळ ठेवली असती तर ती आपोआप हळू झाली असती. पण नाही! घाबरून यानं स्टीअरिंग खसकन उजवीकडे ओढलं. चाक एकदम वर चढलं, गाडी आडवी झाली आणि कोलांट्या खात शेतात गेली. त्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याचं कमरेखालचं सगळं गेलं.

पुढे त्यानं तिथं छोटंसं देऊळ बांधलं. संगमरवरी फरशी, वर भगवा झेंडा. लोक म्हणाले, केवढा देवमाणूस! माझं रक्त उकळायचं. जागा शांत झाली म्हणे, म्हणून ह्याची नवी गाडी पुन्हा सुसाट, आणि सगळं घर तिच्यातच बसायचं. एक दिवस मला म्हणाला, "तुन्ही पोर कालेजले जळगावले जास ना, रोज मीच लई जासू."

माझी एकुलती एक पोर! "नको भाऊ," म्हटलं, "मीच नेईन." सगळे फिदीफिदी हसले, कारण मला सायकलसुद्धा येत नव्हती.

हसा म्हटलं. जळगावच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. हात बसल्यावर सरांना सांगितलं, मला साइडपट्टीवरून वर यायला शिकवा. रिकाम्या रस्त्यावर घोटून घोटून शिकले. नवरा म्हणाला, "एवढं कशाला?" म्हटलं, "कळेल."

देवळाच्या वर्षपूजेला सगळं कुटुंब जमलं. आम्ही तिघं मी घेतलेल्या जुन्या गाडीतून गेलो. नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि जेठानं पुन्हा तीच टकळी लावली. मी उठले. पोरीला सांगितलं, सगळ्यांना रस्त्यापासून लांब उभं कर. गाडी मागे नेली, आणि तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, डावी चाकं खाली उतरवली. खडखडाट झाला. पाय काढला, स्टीअरिंग सरळ धरलं, गाडी मंदावली, मग अलगद वर घेतली. वळून आले आणि पुन्हा तेच केलं. मग खाली उतरले.

"भाऊ, मला का नाही हो ओढलं कोणी?"

त्याचं तोंड उतरलं. "देवाच्या दारात बायामाणसांनी..." एवढंच पुटपुटला. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मंग तूच वढी का रे?" खोटं का सांगू, मला गार वाटलं.

निघताना सासूबाई न विचारता माझ्या गाडीत मागे, माझ्या पोरीशेजारी बसल्या. पुढे नवरा. तेवढ्यात थोरली जाऊ आपल्या दोन्ही पोरांना घेऊन आली. "मन्हा पोरे तुन्ही गाडीमा बसतीन," म्हणाली आणि त्यांना आत कोंबून दार लावलं. तिच्यापुरती जागा उरली नव्हती. ती गेली आणि जेठाच्या गाडीत मागच्या सीटवर बसली.