पौर्णिमाताईंच्या दोन खुर्च्या

पौर्णिमा थूल बोलता बोलता कुठल्या कुठे निघून जायची. गाडी वर्ध्याहून सेलूच्या रस्त्याला लागली, दोन्हीकडे फुटलेली कपाशी दिसू लागली, की शेजारच्याचं बोलणं तिच्या कानापर्यंत पोचायचंच नाही. "माही पोरगी जागेपणीच झोपते," असं तिची आई जिजाबाई सांगायची.

पण या पोरीनं उमेदीची वर्षं वीजखात्यात अभियंता म्हणून काढली होती. पुढे एका खासगी सौर वीज कंपनीनं तिला जिल्ह्याची व्यवस्थापक नेमलं. गावात सरपंचपदाची निवडणूक लागली तेव्हा बायांनीच तिला उभं केलं, आणि ती निवडून आली. कंपनीचे नागपूरचे साहेब पेढे घेऊन घरी आले. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळी पंचायत, दुपारी कंपनी. दोन्हीकडे आपण उजेडाचंच काम करतो, असं तिला मनापासून वाटायचं.

मग कंपनीनं गावचं गायरान मागितलं. त्या उतारावर सौर पॅनेलच्या ओळी कशा दिसतील, हे पौर्णिमानं डोळे मिटून कितीदा तरी पाहिलं होतं. ढग आला की सगळा उतार सावळा व्हायचा, ढग सरला की पुन्हा निळा.

ग्रामसभेत ती उभी राहून हेच सांगत होती. आवाज असा मऊ लागला होता की म्हातारेही मान डोलवत होते. तेवढ्यात गुरं चारणारा कवडू उठला.

"ताई, ढोरं कुठी नेवाची?"

"कंपनी कुंपणाबाहेरून वाट सोडणार आहे, कवडूभाऊ."

"हे तं कंपनीचं झालं," कवडू शांतपणे म्हणाला. "सरपंच काय म्हणते?"

सरपंच म्हणून पौर्णिमानं या जागेचा विचारच कधी केला नव्हता.

"मी कंपनीचा पगार घेते," ती म्हणाली. "या विषयात मी या खुर्चीवर बसायला नको होतं. आजची सभा इथंच थांबवू."

पुढच्या सभेला उपसरपंच सदाशिवराव खुर्चीवर बसले. पौर्णिमा बाहेर निंबाखाली बसून राहिली. आतले आवाज येत होते, शब्द मात्र कळत नव्हते. वाऱ्यानं निंबोळ्या गळत होत्या आणि आपण लहान आहोत, मोठ्यांचं काहीतरी चाललंय, असं तिला वाटत होतं. लोकांनी वरचा मुरमाड तुकडा द्यायचा आणि तळ्याकडची चराई राखायची, असं ठरवलं.

कंपनीला अर्धी जागा नको होती. प्रकल्प जाम गावाकडे गेला.

"मॅडम, तुम्ही खुर्चीवर असत्या तर काम झालं असतं," साहेब फोनवर म्हणाले.

"हो, झालं असतं," ती म्हणाली, आणि त्याच आठवड्यात तिनं नोकरीचा राजीनामा दिला.

गावानं तिला डोक्यावर घेतलं, असं काही झालं नाही. रूपाली, तिची लहानपणापासूनची मैत्रीण, बोलेनाशी झाली. रूपालीच्या भावाला प्रकल्पावर काम लागणार होतं. "हेच आधी सुचलं असतं तं आम्ही आस तरी लावली नसती," एवढंच ती एकदा नळावर म्हणाली.

आता दुपारी पंचायतीतून निघाली की ती कधीकधी गायरानाकडे वळते. परवा तळ्याच्या काठाशी दगडाला टेकून बसली आणि तिथंच तिचा डोळा लागला. गुरं चरत चरत तिच्यापर्यंत आली. एका कालवडीनं तिचा पदर हुंगला. कवडूनं जिभेनं बारीक आवाज काढला, काठी आडवी धरली, आणि सगळा कळप तिला वळसा घालून हळूहळू पाण्याकडे उतरला.