उशाकडची जागा

अकोटात बद्रुद्दीन पिंजाऱ्याच्या घरी रजई शिवायला चार बायका लागत. अंगणात चटईवर रजई पसरायची, चार कोपऱ्यांवर चौघींनी बसायचं आणि कडेकडून टाके घालत मध्यावर यायचं. उशाकडची उजवी जागा मालकिणीची, म्हणजे बद्रुद्दीनच्या बायकोची, जहाँआराची. तिथं बसणारीनं पहिला टाका घालायचा आणि रजई संपेपर्यंत गोष्ट सांगायची, असा त्या घरचा रिवाज. सासूच्या काळात त्या जागेवरून जिनांचे आणि शहजाद्यांचे किस्से निघत. जहाँआराच्या काळात तिथून कोरियातले खून निघू लागले.

कोरिया तिच्या घरी दोन गाद्यांपायी आला. सीडी भाड्यानं देणाऱ्या एकानं दुकान बंद केलं आणि गाद्यांच्या बदल्यात बद्रुद्दीनच्या गळ्यात एक डीव्हीडी प्लेयर आणि पोतंभर चकत्या मारल्या. चालणारे हिंदी पिक्चर त्या शहाण्यानं आधीच वेचून काढले होते. उरल्या होत्या त्या कोणी हात न लावलेल्या, कोरियन पोलीस-गुंडांच्या. त्या दिवशी जहाँआरानं नवऱ्याला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. पण सकाळी तो पिंजायच्या मशिनीवर गेला की घरात ती आणि ते पोतं. शेवटी एक चकती लावली, आणि बाई त्यात गेली ती गेलीच.

भाषेचा गंध नव्हता. खाली इंग्रजी अक्षरं पळत, पण ती सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेली. एक अक्षर ओळखीचं वाटेपर्यंत पुढची ओळ येई. मग तिनं अक्षरांचा नाद सोडला आणि चेहरे वाचू लागली. कोण कोणाचा भाऊ, कोण कोणावर डूख धरून आहे, हे तीच ठरवी. नावंही तिचीच. ढेरपोट्या फौजदार उत्तमराव, सुरीवाला जानराव. शिवाय पिक्चर रजईच्या मापाचा. डबल रजई असली तर तीन खून आणि गल्लीतली मोठी मारामारी. पाळण्यातल्या लेकराची दुलई असली तर एकाच खुनात आटोपायचं.

आणि ती जळायची. त्या लोकांवर मनापासून जळायची. मांडी घालून जमिनीवर जेवणारी, जमिनीवरच निजणारी माणसं, म्हणजे आपल्यासारखीच. मग त्यांच्या पातेल्यातून एवढी वाफ कशी निघते? एकदा पडद्यावर मुडदा पडला होता, सगळे फौजदार त्याच्याकडे पाहत होते, आणि जहाँआरा पिक्चर थांबवून त्याच्याखालची गादी पाहत होती. कापूस कुठं गोळा झालेला नाही, कडेचा टाका सरळ रेषेत. “कोन्या मेल्यानं पिंजला असन हा कापूस,” ती एकटीच बोलली, आणि दिवसभर बद्रुद्दीनशी धड बोलली नाही.

पण सगळ्यात जास्त ती जळायची ती तपासावर. एक कोणी मरतो, कोणाचा कोण, आणि त्याच्यापायी वीस माणसं रात्रंदिवस धावतात! भिंतीवर फोटो चिकटवतात, रडतात, एकमेकांच्या कानाखाली वाजवतात. एका मरणाची एवढी किंमत असलेला मुलूख तिच्या डोळ्यांत खुपे.

याला कारण होतं, आणि ते रजईच्या पलीकडच्या कोपऱ्यावर बसत असे. माळीपुऱ्यातली तानुबाई. तिचा मुलगा शेखर झेंडूची पोती मोटरसायकलवर लादून पहाटे अकोल्याच्या बाजारात निघाला होता. वाटेत त्याला कोणत्या तरी गाडीनं उडवलं. गाडी सापडली नाही. पंचनाम्यात ‘अज्ञात वाहन’ असं लिहिलं आणि तिथंच तपास संपला. चाळीस दिवस उलटल्यावर तानुबाई पुन्हा टाके घालायला आली तेव्हा जहाँआरा ज्या पिक्चरची गोष्ट सांगत होती, त्यात शेवटी खुनी निसटतो. एवढं कळायला भाषा लागत नाही. म्हातारा फौजदार रिकाम्या रस्त्यावर उभा, बस. पण जहाँआरानं तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणून त्याला पकडून दिला. तेव्हापासून चार वर्षं तिच्या अंगणातून एकही खुनी सुटला नव्हता. हे ती कोणाला बोलली नाही.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. अळीनं उभी पऱ्हाटी खाल्ली, लोकांनी शेतात जनावरं सोडली. किडक्या बोंडांचा पिवळट कापूस जिनिंगवाले हातात धरीनात, तो मातीमोल होऊन बद्रुद्दीनच्या दारात आला आणि रजयांचं काम वाढलं. वेचणी बुडालेल्या बायका टाके घालायला येऊ लागल्या. त्यात तोंडाळ शकुन होती. आणि त्याच हिवाळ्यात पुतण्या हसनैनची नवी नवरी, अकोल्याची लुबना, चौथ्या कोपऱ्यावर येऊन बसली. तिच्या हातात मोठा मोबाईल, मोबाईलमध्ये फुकटचं नेट आणि नेटवर कोरियन पिक्चर. हिंदीत बोलणारे.

पहिल्याच आठवड्यात जहाँआरा एका भावाबहिणीची गोष्ट रंगवत असताना लुबना फिसकन हसली. “चाची, ते भाऊबहीण नाहीत. नवराबायको हायेत.”

“नवराबायको?” शकुनची सुई थांबली. “बाई वं! आन आमी त्याहीले राखी बांधाले लावून राहिलो होतो!”

अंगण हसलं. तानुबाईसुद्धा हसली, आणि ते जहाँआराला जास्त झोंबलं. शेखर गेल्यापासून तानुबाईला हसवायचा मान आजवर तिचाच होता.

त्यानंतर जहाँआरानं जे केलं ते मोठ्या बाईला शोभणारं नव्हतं, पण जळणाऱ्या माणसाला शोभेचं भान कुठं असतं? लुबनाला बोथट सुई द्यायची. गोष्ट ऐन रंगात आली की तिला चहा टाकायला पाठवायचं. तिचे टाके बारीक, एकसारखे, त्या मुडद्याखालच्या गादीवर होते तसे. ते उसवून “लांब पडले” म्हणायचं. शेखरबद्दल तर तिला मुद्दाम काही कळू दिलं नाही. काल आलेल्या पोरीला आमच्या घरातलं दुःख कशाला, असं तिचं म्हणणं. पोरगी कधी उलटून बोलली नाही. त्याचाही जहाँआराला रागच आला.

शेवटी एका दुपारी शकुन म्हणालीच, “भाभी, आज हिले सांगू द्या ना. हिचा पिक्चर खरा असते.”

समोर नवरदेवाकडची डबल रजई होती. जहाँआरानं तानुबाईकडे पाहिलं. ती नको म्हणेल असं वाटलं होतं. तानुबाई दोरा दातानं तोडत म्हणाली, “सांग वं माय.”

लुबना पायथ्याशी बसून सांगू लागली. गावाबाहेरचा रस्ता, एक पांढरी व्हॅन, म्हातारा फौजदार. तिसऱ्या टाक्याला जहाँआरानं ओळखलं. हा तिचाच पिक्चर, तानुबाई परतली त्या दिवसाचा. आता पोरगी शेवट सांगणार आणि आपण चार वर्षं लबाड बोलत होतो हे अंगणभर होणार. आणि सांगत तरी काय होती! फौजदार जेवता जेवता उठतो, तेव्हा घास तसाच ताटात पडतो, हे जहाँआरानं दहा वेळा पाहिलं होतं, पण सांगायचं कधी सुचलं नव्हतं.

“मंग?” तानुबाईनं विचारलं.

“मंग काई नाई, मावशी. फौजदार रिटायर होते. खुनी सापडतच नाई.”

तानुबाईची सुई अर्ध्या टाक्यात थांबली. शकुननं मान खाली घातली. आणि खरं सांगायचं तर क्षणभर जहाँआराला आनंद झाला. घ्या तुमचा खरा पिक्चर! मग तिनं तानुबाईचा चेहरा पाहिला. चेहरे वाचण्यात तिची हयात गेली होती. आपल्या आनंदाची तिला किळस आली.

“तो पहिला भाग होय,” ती घाईनं म्हणाली. “दुसऱ्यात सापडते. म्या सांगतला होता ना तुले, तानुबाई? तो दुसरा भाग.”

“तुमी त सांगतलं होतं, का तो आपल्या पायानं ठाण्यात आला आन फौजदारानं धरला,” तानुबाई म्हणाली. “असं कोनी येते का, भाभी? खरंखुरं कसा सापडला?”

चाळीस पिक्चर, शंभर खून जहाँआरानं डोळ्यांपुढून फिरवले. तिनं लुबनाकडे पाहिलं. लुबनानं तिच्याकडे, मग तानुबाईच्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं. कोणी काही सांगितलं नसतानाही पोरीला काही तरी उमगलं.

“चाची बरोबर सांगते. दुसरा भाग हाये,” लुबना सावकाश म्हणाली. “काचेवरून सापडला, मावशी. त्याच्या गाडीचा दिवा फुटला होता. फौजदारानं रस्त्यावरची काच उचलून ठेवली होती. किती तरी वर्षांनी एका गॅरेजात त्याले तशीच गाडी दिसली. त्यानं खिशातली काच काढली आन दिव्याले लावून पाह्यली.”

“बसली?”

“बसली.”

तानुबाईनं सुई रजईत खोचली. “काच त माह्याजोळ बी हाये,” ती म्हणाली. “नारिंगी. दोन तुकडे. शेखर पडला तठीच होते. पोलिसाले देत होती, त्यानं घेतले नाईत. झेंडूच्या बियाच्या डब्यात ठेवले म्या.”

लुबनानं दोन्ही हात तोंडावर दाबले. शेखरचं काय झालं ते तिला आत्ता कळत होतं.

जहाँआराचे डोळे भरून आले, आणि त्यातलं निम्मं पाणी जळफळाटाचं होतं. चार वर्षं ही बाई माझ्यासमोर बसली. हिच्यासाठी मी एकेक खुनी पकडून आणला. पण त्या डब्याची गोष्ट हिनं मला नाही सांगितली. काल आलेल्या पोरीनं एक काच दाखवली, तर ती गोष्ट त्या पोरीला सांगितली. आपल्याला नुसता खुनी पकडता आला. तो सापडतो कसा, हे तानुबाईला हवं होतं, आणि ते आपल्याला कधी सुचलंच नाही.

ती उठली. लुबनाचं मनगट धरून तिला ओढत उशाकडे आणलं आणि आपल्या जागेवर बसवलं, जरा जोरातच. बोथट सुई तिच्या हातातून काढून घेतली, स्वतःची चांगली तिला दिली आणि पायथ्याशी जाऊन बसली. तानुबाई उशाकडे लुबनाकडे वळून बसली होती, तिथून तिची फक्त पाठ दिसत होती.

“सांग,” ती म्हणाली. “काच बसली, मंग पुढं काय झालं थे सारं सांग. आन घाई नोको करू. रजई दोन मानसाची हाये.”