आंब्याचा जामीन

धुळाचा चेहरा देवानं माणसांना भिववण्यासाठीच घडवला, असं त्याची बायको बनुबाई म्हणे. भुवया खराट्यासारख्या, मिशा ओठांवरून ओघळून हनुवटीला टेकलेल्या आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. पण झालं भलतंच. त्या चेहऱ्याला माणसं कधी भ्यालीच नाहीत. कोरेगावच्या बाजारात भाजीवालीसुद्धा त्याच्या पिशवीत कुजकी वांगी घालून वर त्यालाच दटावायची. भ्याली ती झाडं. निदान कोरेगावापासून साताऱ्यापर्यंतच्या परसांमध्ये असा पक्का समज होता, की न फळणाऱ्या आंब्यापुढं धुळानं एकदा डोळे वटारले की तो फळतोच. नाहीच फळला, तर झाड निर्लज्ज. धुळाकडे बोट नाही.

पद्धत जुनीच होती. थंडी पडू लागली की मोहोराच्या आधी एका सकाळी धुळा कुऱ्हाड घेऊन झाडापुढं उभा राही. कुऱ्हाडीची पाठ बुंध्यावर आपटून गरजे, "फळतोस का घालू आडवा?" मग कुऱ्हाड डोक्यावर उगारी. झाडाला काही बोलता येत नाही, म्हणून घरातल्या बाईनं पदर खोचून धावत यायचं, झाडाच्या आणि कुऱ्हाडीच्या मध्ये उभं राहायचं आणि म्हणायचं, "नको, नको! यंदा देईल तो. मी जामीन." असं तीनदा. मग धुळा मोठा उपकार केल्यासारखी कुऱ्हाड खाली घेई, बाई झाडाला हळदकुंकू लावी आणि धुळाला नारळ नि सूपभर ज्वारी मिळे. एवढ्यावर न थांबता धुळानं आपल्या पदरचं एक कलम त्यात घुसडलं होतं: तिसऱ्यांदा विचारल्यावरही जामीन मिळाला नाही, तर उगारलेली कुऱ्हाड रिकामी खाली यायची नाही. त्यानं कामाला जरा वजन येई. आणि जामीन न मिळण्याचा प्रसंग थोडाच येणार होता?

धुळाला हे काम आवडायचं कारण एकच. ते जमिनीवर उभं राहून करता येई.

तरणेपणी तो चढणारा गडी होता. घरावर झुकलेली फांदी कौलाला धक्का न लावता उतरवावी ती धुळानं. वाळलेला शेंडा, मधमाश्यांची डहाळी, आंब्यावरचं बांडगूळ, सगळी कामं त्याची. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, पण तो मंजूर कोण करणार? दोन्ही पोरं पलटणीत. एक कुठल्याशा वाळवंटात, आणि दुसरा कुठं आहे ते सरकारही सांगत नव्हतं. तालुक्यातली चढणारी सगळी पोरं अशीच लढाईवर गेलेली. मागं उरली होती म्हातारी माणसं आणि झाडं. रोज उठून कुणाचं तरी बोलावणं यायचं, आणि धुळा प्रत्येकाला सांगायचा, "आधी धाक दावू. चढायचं मागनं बघू." चढायचं ते मागं पडायचं ते पडायचंच.

"झाडं भित्यात म्हणं तुमास्नी," बनुबाई त्याच्या गुडघ्यांना तेल चोळताना म्हणायची. "ह्या गुडघ्यांस्नी बी दावा की जरा डोळं."

त्या साली, म्हणजे बेचाळीसच्या डिसेंबरात, धुळा साताऱ्यात अण्णांच्या परसात आला तेव्हा आधीच दमलेला होता. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले अण्णा हे मोठे सभ्य गृहस्थ. मांजराला हाकलायचं झालं तरी आधी घसा खाकरून पूर्वसूचना देत. त्यांचा आंबा तीन वर्षं फळला नव्हता. का, तेही सर्वांना दिसत होतं. वरच्या जाड फांदीवर बांडगूळ माजलं होतं. आंब्याची पानं मरगळलेली आणि बांडगुळाची मात्र हिरवीगार, जावयासारखी तुकतुकीत. दर वर्षी अण्णा वर बघून म्हणत, "धुळा, ते बांडगूळ बरंच वाढलंय, नाही का?" धुळा म्हणे, "पुढल्या खेपंला, अण्णा. आधी धाक." मग अण्णा धुळाच्या गुडघ्यांकडे बघत आणि म्हणत, "बरोबर आहे. आधी धाकच हवा." त्या दोघांत ह्यापलीकडे कधी काही बोलणं झालं नाही.

त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई यंदा मात्र धाकाच्या पलीकडे गेल्या होत्या. मुंबईवर जपानी विमानं येणार म्हणून दीर, जावा आणि भाचरं मिळून सगळा गोतावळा साताऱ्यात आला होता. विमानं आली नाहीत, गोतावळा मात्र राहिला. पहाटेपासून चूल, साखर मिळत नाही म्हणून गुळाचा चहा, तो आवडत नाही म्हणून दिरांची तोंडं, आणि ह्या सगळ्यावर आंब्याचा पाला. सकाळी झाडलेलं अंगण दुपारच्या आत पुन्हा भरायचं.

धुळानं कुऱ्हाडीची पाठ आपटली, कुऱ्हाड उगारली. "फळतोस का घालू आडवा?"

"नको, नको," स्वयंपाकघरातून आवाज आला. बाई आल्या नाहीत. पोळी तव्यावर होती.

"फळतोस का घालू आडवा?"

"सांगितलं ना, नको म्हणून!"

"वैनी, भाईर या," धुळा दबक्या आवाजात म्हणाला. "आतनं ऐकू जात न्हाई त्याला." आणि तिसऱ्यांदा गरजला.

प्रमोदिनीबाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. मघाशीच झाडलेल्या जागेवर पाला पडला होता, आणि त्या बघत असतानाच आणखी दोन पानं गिरक्या घेत खाली आली.

"तोड," त्या म्हणाल्या. "तोड एकदाचं. पाला तरी थांबेल."

धुळाचे हात वरच राहिले. "वैनी, तसं न्हाई म्हणायचं."

"मग काय म्हणायचं? तीन वर्षं मी जामीन राहिले. एक कैरी तरी दिली का त्यानं?"

"अगं, तो रिवाज आहे," अण्णा घसा खाकरून म्हणाले.

"सगळ्या रिवाजांना मीच जेवायला घालते सकाळपासून. एक कमी होईल!"

धुळाच्या दंडातून कळ निघाली. कुऱ्हाड रिकामी खाली आणावी, तर ही बातमी बाजाराच्या दिवशी त्याच्या आधी कोरेगावात पोचणार. मग धुळाला कुठलं झाड भिणार, आणि कुठल्या परसातून त्याला बोलावणं येणार? आलंच तर चढायचं येणार. आणि तोडावा, तर ह्या आंब्याचा गुन्हा काय? गुन्हेगार वर हिरवागार बसला होता, आणि त्याला तीन वर्षं सांभाळलं होतं धुळाच्याच गुडघ्यांनी. आपण घुसडलेलं कलम आपल्याच डोक्यावर असं उगारलं जाईल, हे त्याला कधी वाटलं नव्हतं.

"अण्णा," तो म्हणाला, "हात भरून आलं. ही धरा जरा. खाली आणू नगा. वरच्या वर घ्या."

अण्णांनी टाचा उंचावून कुऱ्हाड वरच्या वर घेतली आणि पावसात छत्री धरावी तशी डोक्यावर धरली. धुळा लंगडत पुढं गेला आणि झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभा राहिला.

"आता तुमी इचारा."

अण्णांना गरजता येईना. ते म्हणाले, "सदर आंब्यास आडवा का करू नये, याचं कारण दाखवावं."

"नगं, नगं," धुळा म्हणाला. "यंदा देईल. मी जामीन."

"तू?" प्रमोदिनीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आणि जामीन म्हणजे नुसतं बोलायचंच ना? ते तर मीही करत होते. वरचं बांडगूळ कोण काढणार?"

 तीन वर्षं दोघांनी जपलेली गोष्ट बाईंनी पिठाच्या हातानं अंगणात आणून टाकली होती.

"पुढच्या खेपेला बघू की," अण्णा हळूच म्हणाले. "काय धुळा?"

धुळानं त्यांच्याकडे पाहिलं. इतका दमलेला माणूस अण्णांनी कोर्टातही पाहिला नसेल.

"न्हाई अण्णा. जामीन राह्यलोय. शिडी हाय का घरात?"

शिडी बेचक्यापर्यंत पोचली. पुढं धुळा दोर कमरेला बांधून, कोयता पाठीशी खोचून, एकेका फांदीशी करार करत वर गेला. पूर्वी गाणं म्हणत चढायचा. आता प्रत्येक पावलाला बनुबाईचं नाव घेत होता, आणि ते भक्तीनं नव्हे. बांडगूळ मुळासकट निघेना. शेवटी फांदीचा तेवढा तुकडाच त्यानं हळूहळू तोडला, दोरानं बांधला आणि कौल सांभाळून खाली सोडला. ते धूड अंगणात टेकलं तेव्हा कुठं अण्णांनी कुऱ्हाड खाली ठेवली. तोवर ते ती डोक्यावरच धरून उभे होते.

"उतर आता," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

धुळानं एक पाय खाली सोडला, आणि तो पाय त्याचा राहिला नसल्यासारखा थरथरू लागला. त्यानं तो परत वर घेतला, फांदीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"जरा बसतो," तो म्हणाला.

प्रमोदिनीबाईंनी वर पाहिलं. मग त्यांनी आत जाऊन गुळाचा चहा केला, तांब्यात ओतला, तांब्या दोराला बांधला. धुळानं तो सावकाश वर ओढून घेतला. आतून दिरांनी काहीतरी हाक मारली. बाईंनी ओ दिली नाही. त्या पायरीवर बसल्या, पहाटेपासून पहिल्यांदाच. अण्णा दंड चोळत त्यांच्या शेजारी टेकले. वरून एक पान आलं आणि बाईंच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते झटकलं नाही.

"किती वेळ बसणार रे वर?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"बसतो की," वरून धुळाचा पेंगुळलेला आवाज आला. "जामीनदार हाय न्हवं मी? पळून जाऊन कसं चालंल?"