ढब्बूच्या पंजांसाठी
प्रमोदिनी राजाध्यक्ष दिल्लीत आल्या त्या केंद्र सरकारच्या नोकरीत, स्टेनो म्हणून. लग्नासाठी घरून बराच तगादा होता, त्यांनी तो कानाआड केला. रिटायर झाल्यावर धाकटा भाऊ भालचंद्र पुण्याला बोलवत राहिला, तर त्यांनी दिल्लीतच मयूर विहारमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पानिपतला सतरंज्या आणायला गेल्या, तेव्हा बसस्टँडवरून एक पिल्लूही उचलून आणलं. तोच हा ढब्बू.

एका थंडीत ढब्बू लंगडायला लागला. पंजे उलटे करून पाहिले, तर खालच्या गाद्या कोरड्या पडून भेगाळलेल्या. प्रमोदिनीताईंनी आपल्याच टाचांचं क्रीम चोपडलं. त्याने ते चाटून साफ केलं आणि दुपारभर ओकत राहिला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, माणसांची औषधं अजिबात लावायची नाहीत. फिरून आला की कोमट पाण्याने पंजे धुवायचे, बोटांच्या फटीसुद्धा टिपून कोरड्या करायच्या, मग खोबरेल तेलाचा पुसटसा हात, आणि ते मुरेपर्यंत चाटू द्यायचं नाही. रक्त किंवा पू दिसला तर लगेच घेऊन यायचं. शेवटी त्यांनी विचारलं, हा रोज चालतो कशावरून?

ताईंच्या डोळ्यांपुढे जिना आला. सोसायटीचा जिना रोज सकाळी कडक फिनेलने धुतला जाई, आणि ढब्बू त्या ओल्यावरूनच खाली उतरे. त्याला उचलून नेणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं.

त्या सेक्रेटरी सेठींकडे गेल्या. फिनेल पातळ करा, नाहीतर साध्या पाण्याने धुवा, एवढंच मागणं होतं. सेठी म्हणाले, जिना माणसांसाठी आहे. कुत्र्याला कुठंतरी सोडून या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पदर खोचला आणि सफाईवाला यायच्या आत सगळा जिना साध्या पाण्याने धुतला. तो बादली घेऊन आला, तेव्हा त्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या. तो मुकाट्याने शेजारच्या जिन्याकडे वळला. रोज हेच होऊ लागलं, तेव्हा सेठींनी मीटिंग बोलावली.

लॉनवर सगळी सोसायटी जमली. ताईंच्या बाजूने कुणी तोंड उघडेना. सेठींनी नियम वाचून दाखवले. मग ताई उठल्या.

"सारी उम्र दूसरों की बातें टाइप की हैं, सेठीजी. आज अपनी कह रही हूँ. ढब्बू यहीं रहेगा, और इस सीढ़ी पर फिनेल नहीं पड़ेगा."

आवाज चढला नव्हता. उत्तराची वाट न बघता त्या घरी गेल्या.

ठराव कसलाच झाला नाही. पण ताईंच्या जिन्यावर पुन्हा कुणी फिनेल ओतलं नाही. होळीपर्यंत भेगा भरून आल्या.

आता थंडीत उन्हाला सगळे लॉनवर बसतात, तेव्हा ताई ऐन मध्ये सतरंजी टाकतात आणि ढब्बूचा एकेक पंजा मांडीवर घेऊन तेल लावतात. सेठींना वळसा घालून जावं लागतं. ताई सरकत नाहीत.