नावाआधीचं अक्षर

पोंगल सरला की तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी सोनाराच्या घराला भाताच्या तुसाचा वास येऊ लागतो. पापनाशम गावाकडून पोती येतात आणि मातीच्या शेगडीत त्या तुसाचे निखारे फुंकणीनं फुलवत अप्पा सोनं वितळवतात. तेव्हा ओसरीवरचं कोवळं पिवळं ऊन आकाशातून उतरलं की मुशीतून उमललं, हे सांगता येत नाही.

यंदा मुशीत माझ्या अंगठीचं सोनं होतं. मी इतिहासात बी.ए. झाले त्याची ती भेट; घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

शेवटच्या वर्षी जुन्या इंग्लंडातल्या अँग्लो-सॅक्सन सोनारांवर मी निबंध लिहिला होता. तोच अप्पांना ऐकवत होते: राजे त्यांना पदरी बाळगत, जमिनी देत, लाल खड्याखाली ते सोन्याचा नक्षीदार पातळ पत्रा घालत, म्हणजे आत शिरलेला उजेड तांबडा होऊन परते.

"खड्याखाली डाक?" अप्पा हरखले. "मग आपलेच की गे ते, तुळसा! कुठल्या गावचे म्हणालीस?"

"आणि अप्पा, एका अंगठीवर कोरलंय: मी अमक्याची, मला कोरलं तमक्यानं. माझ्या अंगठीत तुमचं नाव घाला."

"नाव भांड्यावर घालतात, जेवणावळीत हरवू नये म्हणून. दागिना घालणारीचा. त्यात सोनाराचं नाव कशाला?"

साऱ्या गावाचे हात सजवणाऱ्या माणसाचं नाव कुठंच नसावं, हे मला सोसेना. मी हट्ट धरला, मग रुसले. अप्पा कोरणी चालवत राहिले. अंगठी हातात आली, तेव्हा आत तमिळ अक्षरांत होतं: रा. तुळसा.

"हा 'रा' कोण गे?" अप्पांनी मिश्कीलपणे विचारलं.

रामोजी. अप्पाच. इकडे आडनावाऐवजी बापाचं पहिलं अक्षर नावाआधी लावतात. शाळेपासून प्रत्येक पेपरावर ते मी घाईघाईत, शाईच्या ठिपक्यासारखं टाकत आले होते.

"आणि मी काय वाटेवरची?" दारातून आई, मीनाक्षी, कडाडली. "अंगठी तुम्ही केलीत. हिला कुणी केलं?"

अप्पा हसले, डोळे पुसत हसले, आणि 'रा' न् 'तुळसा' यांच्यामधल्या अरुंद जागेत त्यांनी आईचंही अक्षर बसवलं.

रा. मी. तुळसा.

तमिळ वाचणाऱ्याला ती दोन आद्याक्षरं आणि एक नाव. मी मात्र अंगठी काढून उन्हात धरते, मराठीत वाचते, 'मी तुळसा'. आणि दर वेळी वाटतं, हे बोलतंय कोण: अंगठी, आई, की मी?