राक्षस मरेपर्यंत

शकुबाईशी भांडण झालं नाही असा माणूस सेनगावात शोधायचा, तर तो नुकताच बदलून आलेला असावा लागतो आणि त्यालाही फार दिवस मिळत नाहीत. बसचा कंडक्टर, बियाण्यांचा दुकानदार, पीठगिरणीवाला, मागच्या गल्लीतल्या सगळ्या सासवा, प्रत्येकाला तिनं कधी ना कधी धारेवर धरलेलं. आखाडा बाळापूरची ही पोर लग्नाला उभी राहिली तेव्हा मांडवातच तिची वाजंत्र्यांशी जुंपली होती, हे म्हातारी माणसं अजून हसत सांगतात. नवरा व्यंकटराव म्हणजे गरीब गाय. बायकोच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ते अंगणात बाज टाकायचे आणि त्या आवाजातच त्यांचा डोळा लागायचा. काही वर्षांमागं ते गेले. तेराव्याचे पाहुणे पांगले तेव्हा शकुबाईला कळलं, की आता घरात भांडायलाही कुणी उरलं नाही. मुलगा मुन्ना तिकडे चाकणला कंपनीत. म्हणून त्याचं लग्न उरकलं असं म्हणणं बरं दिसत नाही, पण सून घरात आली तशी शकुबाईच्या आवाजाला पुन्हा धार आली हे खरं.

सून पुनम कळमनुरीची. बी.ए. झालेली, कामाला वाघ, आणि उलट उत्तर द्यायला कधीच उशीर न करणारी. मुन्ना चाकणला एका खोलीत चौघांबरोबर राहायचा, तिथं बायको नेणार कुठं? त्यामुळं पुनम सासूजवळ राहिली. दोघींचं बरं चाललं होतं, म्हणजे रोज भांडण होत होतं आणि रोज जेवण होत होतं.

सगळं बिनसलं ते औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत. लग्नात पुनमच्या आईनं विहिणीला आहेरात मोरपंखी साडी दिली होती. शकुबाईला तिचा रंग डोळ्यात खुपायचा. तिनं ती सोयाबीनच्या खळ्याला आलेल्या पद्माबाईला देऊन टाकली. आणि पद्माबाई तीच साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत नेमकी पुनमच्या आईच्या पुढं उभी. दुसऱ्या दिवशी आई तणतणत सेनगावला आली. शकुबाईनं तिला दारातच उभी केली आणि वर म्हणाली, "पद्मीच्या अंगावर चांगली दिसती की. तुमच्या साडीचं भाग्यच म्हना." आई पाणीही न पिता परत गेली. त्या दिवसापासून पुनमनं अबोला धरला.

अबोला म्हणजे तोंड बंद, असं ज्यांना वाटतं त्यांनी सासू-सुनांचा अबोला पाहिलेला नाही. बोलणं सगळं होतं, फक्त समोरच्या माणसाशी होत नाही. "कुणाला भूक लागली असंल तर ताट वाढून ठेवलंय," असं पुनम चुलीला सांगायची. "आमटीत मीठ टाकायला कुणाचे हात दुखतेत का?" असं शकुबाई कोनाड्यातल्या गणपतीला विचारायची. बिचाऱ्या गणपतीनं त्या उन्हाळ्यात फार ऐकून घेतलं.

मे महिन्यात मुन्ना सुट्टीवर आला तो एक गेम घेऊन. टीव्हीला जोडायचा काळा डबा आणि दोन रिमोट. ज्या परदेशी सिनेमांचे भाग हिंदीतून टीव्हीवर सारखे लागतात, ज्यातले जादूगार आणि राक्षस पोरांच्या दप्तरांवर छापलेले असतात, त्या सिनेमांवरून केलेला हा खेळ. आपण त्यातलं एक पात्र घ्यायचं, त्याला वाढवायचं, हत्यारं मिळवायची आणि शेवटी मनोऱ्यावरच्या राक्षसाला मारायचं. नवरा-बायको आठवडाभर खेळले. मुन्ना गेला, डबा राहिला, कारण खोलीवरच्या पोरांनी तो विकून खाल्ला असता.

पुनम दुपारी एकटीच खेळू लागली. पण हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा होता. एका किल्ल्याचा दरवाजा दोन बाजूंच्या दोन साखळ्या एकदम ओढल्याशिवाय उघडेना. चार दुपारी डोकं फोडून झाल्यावर ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "कुणी नुसतं एक बटन दाबून धरलं असतं तरी काम झालं असतं."

शकुबाई तूर निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला सारलं, दुसरा रिमोट उचलला आणि गणपतीला म्हणाली, "कोन्तं बटन ते तरी कुणी सांगंल का न्हाई?"

दरवाजा उघडला. शकुबाईच्या वाट्याला आलं मुन्नाचं पात्र, गुडघ्यापर्यंत दाढी असलेला ढालवाला बुटका. पुनमची पांढऱ्या झग्यातली जादूगारीण. बुटक्यानं ढाल धरून पुढं राहायचं, जादूगारणीनं मागून वीज सोडायची, आणि बुटका पडला तर धावत येऊन काठी टेकवून त्याला उठवायचं. काठी वेळेत टेकली नाही तर बुटका मेला. उरलेली एकटी काही टिकत नसे. मग दोघांना पुन्हा खालून सुरुवात.

आणि इथं एक नवाच कायदा निघाला. सासूनं सुनेशी बोलायचं नव्हतं, पण बुटक्यानं जादूगारणीशी बोलायला कुणाची हरकत होती? शकुबाईला जणू नवं तोंड फुटलं.

"ओ पांढरी, काहून माघं दडून राहिली? म्हायेरी हेच शिकिवलं का?"

"दाढीवाल्यानं आधी ढाल सरळ धरावी. मंग दुसऱ्याचं म्हायेर काढावं."

रोज दुपारी भांडी घासून झाली की हे सुरू. शकुबाईचा हात आठ दिवसांत बसला. खजिन्याची पेटी दिसली की बुटका आधी तिकडं पळायचा, सगळं सोनं स्वतःच्या पिशवीत कोंबायचा आणि जादूगारणीसाठी एक गंजका चाकू ठेवायचा. पुनमनंही उसनं ठेवलं नाही. बुटका पडला की ती सावकाश चालत यायची, वाटेत एखादं फूल हुंगायची.

एकदा मात्र शकुबाईची जीभ फार घसरली. "पांढरीला नुसती काठी फिरवता येती," ती म्हणाली. "दोन वरसं झाली, पाळना हालवता न्हाई आला." पुढच्या लढाईत बुटका पडला. जादूगारीण त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि काठी न टेकवता उभीच राहिली. बुटका मेला. पुन्हा खालून सुरुवात, पुन्हा बुटका पडला, पुन्हा ती नुसती उभी. त्या दुपारी त्याला असंच मरावं लागलं, लाईट जाईपर्यंत. शकुबाईला चूक कळली होती, पण कबूल करील तर ती शकुबाई कसली! तेवढं एक वाक्य मात्र तिनं परत कधी उच्चारलं नाही.

पोळा झाला आणि मुन्नाचा फोन आला. त्याला वेगळी खोली मिळाली होती. पुनमला न्यायला तो दसऱ्यानंतर येणार होता. शकुबाई आतल्या खोलीत, कान बाहेर. पुनम हसत नवऱ्याला म्हणाली, "येते की. आधी तो मनोऱ्यावरचा राक्षस मरू दे. एवढं झाल्याबिगर न्हाई येत मी."

सून हे गमतीनं म्हणाली होती. शकुबाईनं ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले.

त्यानंतर राक्षस काही केल्या मरेना. दोघी मनोऱ्यावर पोचायच्या, राक्षसाचा जीव नखाएवढा उरायचा आणि नेमका तेव्हाच बुटका कोलमडायचा. कधी कड्यावरून घसरायचा, कधी आगीत सापडायचा. "रिमोट बिघडला वाटतं," शकुबाई गणपतीला सांगायची. दसरा झाला. मुन्नाचा फोन आला, की सोयाबीन निघू दे, मग येतो. सोयाबीन निघालं. शकुबाईला रात्री गाढ झोप लागायची. राक्षस जिवंत होता.

तिला सून हवी होती. हे तिनं स्वतःलाही धडपणे सांगितलं नव्हतं. पाया पडणारी, हांजी हांजी करणारी सून तिला दोन दिवसांत नकोशी झाली असती. तिला हीच हवी होती, फूल हुंगत येणारी.

दिवाळीच्या आधी मुन्ना एक दिवसाची रजा काढून पुनमला न्यायला येणार असं ठरलं. तो यायच्या आदल्या दुपारी दोघी मनोऱ्यावर होत्या. राक्षसानं तोंड उघडलं, आग निघाली, आणि बुटक्यानं हातातली ढाल काढून शांतपणे खाली ठेवली.

पुनमनं खेळ थांबवला. पडदा जागच्या जागी गोठला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमी मुद्दाम मरून राहिल्या."

शिवरात्रीपासून तिनं सासूला अशी हाक मारली नव्हती. शकुबाईनं गणपतीकडं पाहिलं.

"देवाकडं काय बघता? माझ्याकडं बघा. ढाल ठिवायला दोन बटनं एकदम दाबावी लागतात. चुकून दाबल्या जात न्हाईत ती. किती दिवस झाले हे?"

"मला नको शिकवू," शकुबाईही सरळ तिच्यावर उलटली. "खेळ चालू कर."

"करते. आता मरूनच दाखवा तुमी."

खेळ सुरू झाला. असली लढाई त्या खेळ बनवणाऱ्यांनीही कधी पाहिली नसेल. बुटका धावत आगीत शिरत होता आणि जादूगारीण त्याला खेचून उठवत होती. तो कड्याकडं पळाला, तिनं वाटेत बर्फ उभा केला. "मरू दे मला!" शकुबाई ओरडली. "न्हाई मरू देत!" पुनम तिच्यावर ओरडली. शेजारची संध्या हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली आणि घाबरून परत गेली.

शेवटी पुनमनं उरलेली सगळी जादू बुटक्यावर ओतली. त्याच्याभोवती पांढरं कवच चढलं. आता त्याला आग लागेना. पण तिच्याजवळ स्वतःसाठी काही उरलं नाही. राक्षसाच्या एका फटक्यात ती आडवी झाली.

राक्षसाचा जीव संपत आला होता. एक घाव पुरे होता. बुटका नुसता उभा राहिला असता तर जादूगारीण मेली असती, कवच उतरलं असतं, आणि उद्या पुन्हा खालून सुरुवात. शकुबाईचा अंगठा बटणावर थांबला.

पुनमनं हातातला रिमोट खाली ठेवला.

"नका मारू," ती म्हणाली. "राक्षस जिता राह्यला तरी मी परवाच्या गाडीनं जानार हाय. ती गोष्ट मी गमतीनं बोलले होते. तुमाला काय वाटलं, ह्या टीव्हीतल्या भुतासाठी मी नवरा सोडून इथं बसले?"

शकुबाईच्या कानशिलापर्यंत संताप चढला. दोन महिने आपण लेकरासारखे फसत राहिलो, याचा तो संताप होता. तिनं दात खाऊन बटण दाबलं. राक्षस कोसळला, वाद्यं वाजली, पडद्यावरून परदेशी नावं वर सरकू लागली. दोघींपैकी कुणीच तिकडं पाहत नव्हतं.

पुनम उठली, आत गेली, बॅग घेऊन आली आणि कपडे भरू लागली. शकुबाईनं काळ्या डब्याच्या वायरी ओरबाडून काढल्या आणि तो तिच्या कपड्यांवर आणून आदळला.

"हे बी ने. नको मला."

"राहू द्या इथं. मुन्ना दिवसभर कंपनीत. मी तिथं कुणाबराबर खेळू?"

"मंग जाऊ नको."

बोलून गेल्यावर शकुबाईला आपलाच आवाज ओळखू आला नाही. पुनमचे हात थांबले.

"माझी आई दारात उभी होती, तवा तिला आत या म्हनल्या असत्या," ती म्हणाली, "तर जाऊ नको म्हनायची येळच आली नसती."

"चुकलं म्हन."

"मी काहून म्हनू? तुमी म्हना."

शकुबाईनं तोंड उघडलं. जिनं आयुष्यात कंडक्टरला, दुकानदाराला, वाजंत्र्यांना शब्द कमी पडू दिले नाहीत, तिला तो एक शब्द सापडेना. पुनमनं वाट पाहिली. खरोखर पाहिली, हातातली साडी छातीशी धरून. मग तिनं साडीची घडी केली, काळा डबा काढून टीव्हीखाली ठेवला, साडी बॅगेत घातली आणि चेन ओढली.