सागवानाची जमीन

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमच्या दादाला घर जुनं वाटू लागलं. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या भाड्याच्या तीन खोल्यांत आम्ही दोघं बहीणभाऊ वाढलो, आई तिथेच गेली. पण राजधानीत नोकरी करणाऱ्यानं तिथे राहणं दादाला शोभेना. तो मंत्रालयात होता. मंत्रालय तेव्हा एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरत असे. खाटा गेल्या होत्या, फायली आल्या होत्या आणि दाराबाहेर ताटकळणारी माणसं होती तशीच होती. दादाच्या साहेबांच्या बंगल्यात मात्र जमिनीला लाकूड होतं. दादानं ते एकदा पाहिलं, आणि तेव्हापासून साध्या फरशीवर त्याचं पाऊल ठरेना.

नवं घर बांधायला घेतलं तेव्हा लाकडी जमिनीसाठी त्याच्याकडे कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं. आदल्या वर्षी बाबा न्हाणीघरात घसरून पडले होते. खुब्यात सळई घालावी लागली. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं की पुन्हा पडले तर उठणार नाहीत. बाबांना हे कुणी बोललं नव्हतं, तरी त्यांना ते ठाऊक असावं. काठी टेकल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत. लाकूड मऊ असतं, घसरत नाही, पायाला गार लागत नाही, असं दादा सगळ्यांना सांगे. साहेबांच्या बंगल्याचा उल्लेख तो करत नसे.

पंडरी बाजारात, कापडाच्या दुकानांची रांग संपते तिथे, लाकडी जमिनींचं एक दुकान नवीनच उघडलं होतं. आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं साड्या उलगडाव्यात तशा फळ्या उलगडल्या. भोवती साल वृक्षांची आणि सागाची जंगलं असलेल्या राज्यात आम्ही कॅनडाचं लाकूड चाचपत होतो, आणि त्यातल्या एकाचं नाव दुकानदारालाही धड म्हणता येत नव्हतं. शेवटी दादा सागवानावर आला. वर काचेसारखं पॉलिश. मी एवढंच म्हटलं की अशी गुळगुळीत काच बाबांनी आधी पाहिलेली आहे, न्हाणीघरात. दादानं ऐकलं नाही.

बाबा खुर्चीवर बसून होते. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत, रुळांच्या देखरेखीवर गेली. रूळ ज्यांवर टेकतात ते लाकडी स्लीपर हातोडीनं ठोकून, आवाजावरून कोणता आतून सडला ते ओळखायचं, हे त्यांचं काम. त्यांनी फळी हातातही घेतली नाही.

"फळीच्या खाली काय टाकता?" त्यांनी विचारलं.

"बाबूजी, नीचे की चिंता छोड़िए. ऊपर की चमक देखिए."

"मी जिंदगीभर खालचंच पाहिलं, भैया. वरून तर गाडी जाते."

मग त्यांनी विचारलं की भिंतीपाशी बोटभर जागा सोडता की नाही. रुळाला उन्हाळ्यात फुगायला जागा लागते, लाकडाला पावसात लागेल. दुकानदार हसला. जागा सोडली तर झुरळं होतील, आमचं काम भिंतीला चिकटून असतं, म्हणाला. दादाला लाज वाटली असावी.

"बाबा, हे रेल्वे लाइन नाही, ड्रॉइंग रूम आहे."

"पाण्याले माहीत आहे का ते?" बाबा म्हणाले.

पाण्याचं त्यांनी उगाच काढलं नव्हतं. आमची नवी कॉलनी होती तिथे पूर्वी तलाव होता. तो भरून वर प्लॉट पाडले होते, आणि कॉलनीच्या कमानीवर दोन सिमेंटचे हत्ती बसवले होते. बाबांनी तो तलाव पाण्यासकट पाहिलेला. हत्ती आम्ही सगळ्यांनीच पाहिलेले.

फळ्या मे महिन्यात बसवल्या. रायपूरच्या त्या उन्हात लाकूड सुकून खडखडीत झालं होतं, दोन फळ्यांमध्ये पत्र्याचं पातंही शिरलं नसतं, आणि कारागीर ते कौतुकानं दाखवत होता. वास्तुशांतीला आलेले लोक चपला बाहेर काढून आत आले, खाली पाहत उभे राहिले आणि हळू आवाजात बोलू लागले, देवळात बोलतात तसे. दादाच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस असावा.

पावसाळ्यात आवाज सुरू झाला. दुपारी घर निजलेलं असताना कुठेतरी टक्कन वाजायचं. वहिनी म्हणाली नवीन लाकूड आहे, बोलतंच. बाबा पलंगावर उठून बसायचे, आवाज कोणत्या खोलीतून आला ते ऐकायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. भिंतींना गुडघाभर उंचीपर्यंत ओल चढली होती. त्यावर दादानं सोफे सरकवले.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे त्या यायच्या आदल्या दिवशी घर धुवायची रीत. पुसलेलं चालत नाही, धुतलेलं लागतं. आई धुवायची, तिच्या आधी आजी धुवायची, पण त्यांच्या पायाखाली दगड होता. वहिनीनं पदर खोचला आणि कामवाल्या बाईला बादल्या आणायला सांगितल्या. मी दारात उभी होते. मी पुष्कळ वाचलेली, कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई. मला बोलता आलं असतं. पण आईची रीत होती, आणि वहिनी ती मनापासून पाळत होती. बादल्यांमागून बादल्या ओतल्या गेल्या. पाणी क्षणभर चमकलं आणि फळ्यांच्या सांध्यांतून निघून गेलं. कुठे गेलं ते कुणी पाहिलं नाही. बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते पलंगावर बसून ऐकत होते.

तीन आठवड्यांत फळ्या उठू लागल्या. एखादी मधून फुगायची, एखादीचं टोक बोटभर वर यायचं. दुकानदार फोन उचलेना. दादा म्हणे, हिवाळ्यात बसतील.

बाबांनी त्याची वाट पाहिली नाही. रोज चहानंतर ते काठी टेकत घरभर फिरू लागले. टक, टक, आणि मध्येच एक वेगळा, भरडा आवाज. तिथे ते थांबायचे, काठीच्या टोकाला बांधलेल्या खडूनं फुली मारायचे आणि ती फळी ओलांडून पुढे जायचे. मी विचारलं, हे काय चाललंय?

"खराब स्लीपरवर निशाण मारतात," ते म्हणाले. "बदलेपर्यंत ड्रायव्हर गाडी हळू नेते. निशाणवाला स्लीपर कोणाले पाडत नाही."

"मग पाडते कोण?"

"बिगर निशाणवाला."

दसऱ्याला दादानं साहेबांना सपत्नीक बोलावलं. आपल्याकडे आपट्याची पानं सोनं म्हणून देतात, हे त्यांना दाखवायचं होतं. सकाळी वहिनी दिवाणखान्यात उभी राहून फुल्या मोजत होती. साहेब विचारतील हे काय आहे, तर काय सांगू, म्हणाली. दादा खिडकीबाहेर पाहत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या फुल्यांची लाज वाटली. मोठेपणाला हसण्यात माझी बरीच वर्षं गेलेली. पण त्या दुपारी बाबा झोपले असताना ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसले ती मीच. एकही फुली ठेवली नाही. बाबा उठले की सांगायचं, असं ठरवलं होतं. मग चहाची पातेली, फराळाच्या बश्या, आणि वेळेआधीच फाटकाशी गाडी.

साहेब आत आले. खाली पाहून म्हणाले, असली सागौन है. दादा लाजला. तेवढ्यात बाबा धुतलेला सदरा घालून, मुठीत पानं घेऊन आपल्या खोलीच्या दारात आले. ते खालीच पाहत होते. समोर सगळं स्वच्छ होतं. मी किटली हातात धरून पाहत होते आणि तोंडातून हाक निघेना. एका हातात पानं होती म्हणून असेल, किंवा पाहुण्यांसमोर ठोकणं बरं दिसत नाही म्हणून, काठी त्यांनी नुसती टेकली, ठोकली नाही. तिसऱ्या पावलाला फळीच्या उठलेल्या टोकात अंगठा अडकला.

आवाज फार मोठा झाला नाही. लाकूड मऊ असतं, असं दादा सांगायचा ते खरंच होतं. खुबा तरीही मोडला, दुसऱ्या बाजूचा.

डॉक्टरांनी या वेळी आम्हाला बाहेर बोलावलं नाही. तिथेच, बाबांसमोर सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाबा नीट बोलू लागले. त्यांचा आवाज चौकशीला बसलेल्या अधिकाऱ्याचा होता.

"निशाण कोणं पुसलं?"

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. "कामवाल्या बाईनं पुसलं असंन, पोछा मारताना."

"तिले काही बोलू नको," बाबा म्हणाले. "तिले का माहीत निशाणाचा मतलब."

मग त्यांनी मला पाणी मागितलं. मी त्यांची मान उचलून ग्लास ओठांना लावला. मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर सव्वा वर्ष ते खाटेवर होते, तेव्हाही नाही.